खड्डा भरला तो उन्हाळा

हेर्लुफ टॉफ्टनं एकवीस वर्षं मालवाहू बोटींची इंजिनं सांभाळली. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि तो सोन्नरनेस या बेटावरच्या गावी कायमचा उतरला. गावाच्या सहकारी संस्थेला बॉयलरवर माणूस हवाच होता. बंदराशेजारच्या विटांच्या इमारतीत तेलावर पाणी तापायचं आणि जमिनीखालच्या नळांतून दोनशे चौदा घरांत फिरून परत यायचं. हेर्लुफला ते बोटीसारखंच वाटलं. फक्त ही बोट हलत नव्हती, आणि संध्याकाळी घरी जाता येत होतं.

घरी बोडिल होती. बोडिल गावची पोस्टवाली. बेटावरच्या दोन्ही गावांची पत्रं सायकलवर घालून ती पंचवीस वर्षं फिरली. तिच्या बोटांना थंडी सोसायची नाही. ऑक्टोबर लागला की तिची बोटं खडूसारखी पांढरी पडत आणि घरी आल्यावर हेर्लुफ ती आपल्या काखेत धरून बसे. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी केव्हाच वाटून घेऊन संपवलं होतं. बोडिलची थोरली बहीण तोवे गावातच शिडं शिवायची. ती जिभेनं तिखट, नवऱ्यामागे एकटी राहणारी, आणि बोडिलवर आईसारखा जीव टाकणारी.

तेल महाग होत गेलं तेव्हा मुख्य भूमीवरून दोन इंजिनियर आले आणि त्यांनी सर्वसाधारण सभेत एक योजना मांडली. गावाबाहेरच्या उतारावर काचेच्या पेट्या मांडायच्या, उन्हानं पाणी तापवायचं आणि ते एका प्रचंड खड्ड्यात साठवायचं. खड्ड्याला आतून जाड प्लॅस्टिकचं अस्तर, वर तरंगतं झाकण. जून-जुलैत तापलेलं पाणी नाताळापर्यंत पुरवायचं.

म्हातारा वाल्डेमार उभा राहिला. "उन्हाळ्याचं ऊन जमिनीत पुरून ठेवणार म्हणता. पण आमच्याकडे उन्हाळा असतो केव्हा? गेल्या वर्षी एका मंगळवारी होता."

सभागृह हसलं. मागच्या बाकावरून बोडिल म्हणाली, "मंगळवार तर मंगळवार, वाल्डेमार. तेवढा तरी साठवू. तू जानेवारीत ओव्हरकोट घालून स्वयंपाकघरात बसतोस आणि बाकीच्या खोल्यांना कुलूप लावतोस, हे मला दारातून दिसतं."

वाल्डेमार खाली बसला. त्या वसंतात बोडिलनं पत्रांबरोबर संमतीचे कागदही घरोघर नेले. तिला नाही म्हणणं अवघड होतं, कारण कोणाच्या घरात किती थंडी आहे हे तिला त्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक असे. कागद भरले. पुढच्या मार्चमध्ये खणायला सुरुवात झाली आणि हेर्लुफला संस्थेनं खड्ड्याचा मुख्य माणूस नेमलं.

तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा काळ होता, आणि पुढे हीच गोष्ट त्याला सगळ्यात जास्त टोचत राहिली. साठीला आलेला माणूस पहाटे पाचला शीळ घालत उठायचा. राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा ठेवून उभ्याउभ्या खायचा आणि सायकल दामटायचा. रात्री जेवताना अस्तराचे जोड कसे गरम करून चिकटवतात, ऊन पाणी वर आणि गार पाणी खाली कसं राहतं, हे बोडिलला समजावून सांगायचा. बोडिल ऐकायची. ती कमी जेवते आहे हे त्याला दिसलं नाही, कारण जेवताना तो स्वतःच बोलत असायचा.

जूनमध्ये एका सकाळी तिनं आपला पट्टा त्याच्यापुढे ठेवला. "याला अजून एक भोक पाडून दे. पँट खाली येते."

"सायकलनं अखेर काम केलं म्हणायचं," हेर्लुफ हसून म्हणाला. त्यानं पंच आणि हातोडी घेतली आणि अगदी मापात भोक पाडून दिलं. ऑगस्टमध्ये तिनं तोच पट्टा पुन्हा आणला. त्यानं पुन्हा भोक पाडलं, आणि यावेळी काही बोललाही नाही. घाईत होता.

जुलैत खड्डा अर्धा भरला आणि पाण्याची खूण दिवसाला दोन बोटं खाली सरकू लागली. कुठेतरी गळती होती. झाकण टाकण्याआधी ती सापडली नसती तर सगळाच खेळ खलास. हेर्लुफनं जिवाचं रान केलं. पाणी उपसलं, जोड न् जोड हातानं चाचपला.

नेमक्या त्याच आठवड्यात बोडिल म्हणाली, "तीन दिवस काढ ना. आपण ह्यॉल्मला जाऊ, बोटीनं." ह्यॉल्म म्हणजे समोरचं दगडी टेकाड, माणूस नाही, फक्त सील आणि पक्षी. लग्नाच्या वर्षी दोघं तिथं तंबू टाकून राहिले होते.

"आत्ता? अगं, खड्डा गळतोय."

"दोन दिवस तरी."

"ऑक्टोबरात जाऊ. झाकण बसलं की मी मोकळा."

"ऑक्टोबरात समुद्र चांगला नसतो," बोडिल म्हणाली. तिनं पुन्हा दोनदा विचारलं, आणि मग तोवेबरोबर गेली.

ती परत आल्यावर दोन दिवसांनी, सत्तावीस जुलैला, फट सापडली. खालच्या कोपऱ्यात वीतभर जोड सुटला होता. हेर्लुफ तळाशी गुडघ्यांवर बसून हसत होता, आणि वर काठावर त्याला तोवे उभी दिसली. तो दोन्ही हात हलवून ओरडला, "तोवे! सापडलं बघ! खाली ये, दाखवतो!" तोवे थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि निघून गेली. हिचं आणि शेजारणीचं पुन्हा काही वाजलं असेल, असं त्याला वाटलं. तो परत कामाला लागला.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी बोडिल टेबलापलीकडे बसून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. "हेर्लुफ, तुला माझ्याशी काही बोलायचंय का?"

त्यानं खरंच विचार केला. "हो," तो म्हणाला. "झाकण गुरुवारी येतंय."

बोडिलनं मान हलवली, उठली आणि भांडी धुवायला घेतली.

सप्टेंबरच्या अकरा तारखेला वाल्डेमारच्या फाटकाशी बोडिल सायकलसकट कोसळली. वाल्डेमारनंच फोन केला. हेलिकॉप्टर आलं. हेर्लुफ संध्याकाळच्या फेरीबोटीनं मागोमाग गेला, अंगावर कामाचेच कपडे. मुख्य भूमीवरच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण त्याला खोलीत घेऊन गेली आणि सौम्य आवाजात म्हणाली, "आता फार दिवस नाहीत. मे महिन्यात निदान झालं तेव्हा आम्ही त्यांना साधारण एवढाच अवधी सांगितला होता. तुम्हाला कल्पना असेलच."

"मे महिन्यात," हेर्लुफ म्हणाला.

डॉक्टरीण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. मग तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. स्वादुपिंडाचा कर्करोग. उपचार घ्यायचे नाहीत असं बोडिलनंच ठरवलं होतं.

तो बोडिलच्या खाटेशी येऊन बसला. तिनं त्याचा चेहरा पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं, जे त्याला तेव्हा समजलं नाही.

"तुला माहीत नव्हतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"खरंच माहीत नव्हतं?"

"बोडिल, मला माहीत असतं तर मी तिकडे राहिलो असतो का?"

ती डोळे मिटून पडून राहिली. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ती हसतही होती. मग म्हणाली, "बरं झालं." हेर्लुफला त्याचा अर्थ लागला नाही.

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू खड्डा सोडून दिला असतास. मग वाल्डेमार अजून एक हिवाळा ओव्हरकोटात." पुढे म्हणाली, "आणि मला वाटलं, तू बघशील."

एवढंच. पुढचे पंचवीस दिवस तो तिच्याजवळून हलला नाही. तिची बोटं काखेत धरून बसला. सहा ऑक्टोबरला, दुपारी, बोडिल गेली.

एक नोव्हेंबरला गरम पाणी गावात सोडायचं आधीच ठरलं होतं. संस्थेचा अध्यक्ष येप्पे, शाळामास्तर, घरी येऊन म्हणाला, "पुढे ढकलू या." हेर्लुफ म्हणाला, "लोक गारठलेत. ढकलायचं कशाला?" तो गेला, झडप उघडली, काट्यांवर नजर ठेवली. खड्ड्यात सत्तावन्न अंश होते. इमारतीत कॉफी आणि केक मांडला होता, पण कोणाला धड हसता येत नव्हतं. येप्पेनं बोडिलचं नाव घेऊन दोन शब्द सांगितले.

तेवढ्यात तोवे पुढे आली. आवाज न चढवता, सगळ्यांच्या देखत, ती हेर्लुफला म्हणाली, "या पाण्याचा एकेक अंश तुला माहीत होता. चार महिने बायको तुझ्यासमोर झिजत होती, ती दिसली नाही."

हेर्लुफ म्हणाला, "खरं आहे."

त्यानंतर तोवे आणि तो बोलले नाहीत. बेट एवढंसं, चर्च एक, दुकान एक. तरी अकरा वर्षं बोलले नाहीत.

खड्डा चालला. उत्तम चालला. दुसऱ्या वर्षी पाणी ऐंशी अंशांवर गेलं आणि परदेशातून माणसं बघायला आली. हेर्लुफ त्यांना सगळं दाखवायचा, झाकणावर साचलेलं पावसाचं पाणी पंपानं कसं काढतात तेही. पण शीळ घालणं त्याचं संपलं. मे ते ऑक्टोबर, म्हणजे ज्या दिवसांत गाव पोहायला जायचं, बागेत जेवायचं, त्या दिवसांत त्याची झोप उडालेली असायची. तो मनात तारखा मोजायचा. या दिवशी तिला कळलं. या दिवशी मी पहिलं भोक पाडलं. या दिवशी ती म्हणाली, दोन दिवस तरी. "मला वाटलं, तू बघशील" हे वाक्य त्याच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

त्यातून त्याला एक खोड लागली. वर्षातून एकदा प्रत्येक घरातलं गरम पाण्याचं यंत्र तपासायला तो जायचा. आकडे बघून झाले की घरातल्या माणसांचे चेहरे बघत उभा राहायचा. "बारीक झालीस तू. डॉक्टरकडे जाऊन ये." "तुझे डोळे पिवळे दिसतात." "हा खोकला किती दिवसांचा?" लोक वैतागायचे, मागे चेष्टा करायचे. "हेर्लुफ येतोय, गाल फुगवून बसा." पण फेरीबोटीवर तिकिटं देणारी मारेन त्याच्या कटकटीला कंटाळून एकदा तपासून आली, आणि डॉक्टर तिला म्हणाले, सहा महिन्यांनी आली असतीस तर काही करता आलं नसतं. मारेन बरी झाली. असे तिघंजण वाचले. मारेननं त्याला केक करून दिला. तो केक त्यानं तसाच येप्पेकडे पोचवला. त्याच्या घशाखाली उतरला नसता.

तोवेच्या घरीही वर्षातून एकदा जावंच लागे. त्या दिवशी ती मागचं दार उघडं ठेवून बाहेर निघून जायची. हेर्लुफ यंत्र तपासायचा, कार्डावर आकडे लिहायचा आणि दार लोटून घ्यायचा. दहा वर्षं असंच.

अकराव्या वर्षी तो आत शिरला तर तोवे स्वयंपाकघरात बसलेली होती. तिला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. चेहरा राखेसारखा झाला होता. तो आपल्या कामाला लागला. पाठीमागून ती म्हणाली, "ह्यॉल्मवर दुसऱ्या दिवशी बोडिल म्हणाली, मला त्याला सांगवत नाही. तोंड उघडते आणि तो जोडांबद्दल बोलायला लागतो. तू सांग. तू जा आणि त्याला सांग."

हेर्लुफचा हात थांबला.

"मी आले होते. सत्तावीस जुलैला. तू तळाशी होतास. हात हलवत होतास. इतका खुशीत होतास, हेर्लुफ, की मला तुझा तिरस्कार वाटला. माझी बहीण मरतेय आणि हा खिदळतोय. म्हटलं, याला सांगायचं कशाला? डोळे आहेत ना याला."

"आणि?"

"आणि घरी गेले. संध्याकाळी बोडिलनं विचारलं, सांगितलंस का." तोवेनं दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. "मी म्हटलं, सांगितलं. म्हटलं, त्याला थोडा वेळ दे, तो स्वतःहून बोलेल."

बाहेर कोणीतरी ट्रॅक्टर चालू केला. हेर्लुफ यंत्राकडून तिच्याकडे वळला.

"म्हणजे तिला वाटत होतं, मला माहीत आहे," हेर्लुफ म्हणाला.

"हो."

"माहीत असूनही मी बोलत नाही."

"हो."

"सहा आठवडे."

"साडेसहा," तोवे म्हणाली. "मला ते खोटं पुन्हा दुरुस्त करता आलं नाही. दररोज वाटायचं, आज जाईन. हॉस्पिटलात तिला कळलं. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. माझा हात हातात घेतला फक्त. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला बोलले, ते मीच मला ऐकवत होते."

झाकण गुरुवारी येतंय. हेर्लुफला ती संध्याकाळ दिसली. ते टेबल, तिची मान हलवणं, सिंकमधलं पाणी. बोडिल विचारत होती आणि तो उत्तर देत होता, आणि तिनं त्या उत्तराचा काय अर्थ घेतला असेल ते त्याला आत्ता, अकरा वर्षांनी कळलं. त्यानं कार्डावर तारीख घातली, आकडे लिहिले, पेन खिशाला लावलं. दारातून बाहेर पडताना त्याचा खांदा चौकटीला आपटला.

घरी जाऊन तो बूटही न काढता पलंगावर बसला आणि रडला. बोडिल गेल्यापासून तो असा रडला नव्हता. अकरा वर्षं त्याला वाटत आलं होतं की ती गप्प राहून त्याची वाट पाहत होती. खरं तर तिनं हाक मारली होती. ती हाक खड्ड्याच्या काठापर्यंत आली होती. आणि हॉस्पिटलातलं ते "बरं झालं" त्याला आता समजलं. मरतानाही त्या बाईला सुटका वाटली होती, की आपला नवरा दगड नव्हता, फक्त आंधळा होता.

त्यानं ही गोष्ट गावात कोणालाही सांगितली नाही. पण तोवेकडेही गेला नाही.

फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ कोसळलं आणि तोवेच्या गल्लीतला जमिनीखालचा नळ फुटला. नऊ घरं गारठली. सत्तरीतला हेर्लुफ दोन माणसं घेऊन दिवसभर खणत राहिला. नळ जोडला आणि एकेका घरात जाऊन हवा काढून पाणी सुरू केलं. तोवेचं घर गल्लीच्या टोकाला, म्हणून सगळ्यात शेवटी आलं. ती दोन कोट घालून, मांडीवर मांजर घेऊन बसली होती. ओठ निळे.

हेर्लुफनं हवा काढली. नळ सुसकारले आणि हळूहळू तापू लागले.

"मला तसंच थंडीत ठेवायचं मनात आलं नाही का?" तोवेनं विचारलं.

"आलं होतं," हेर्लुफ म्हणाला. "पाचव्या घरापर्यंत होतं."

"मग?"

"मग दमलो." तो खुर्ची ओढून बसला. "कॉफी असेल तर दे."

तिनं कॉफी केली. हेर्लुफ कप हातात धरून म्हणाला, "ह्यॉल्मवर काय काय केलंत ते सांग. सगळं सांग. काय खाल्लं, कुठे बसली, काय बोलली."

तोवे सांगू लागली. बोडिलनं उकडलेले बटाटे आणि धुरावलेला मासा नेला होता, खाल्ले मात्र दोनच घास. पाण्यात पाय सोडून बसली. एक सील अगदी जवळ आला तर त्याला म्हणाली, "तुझ्यासाठी पत्र नाहीये रे आज." रात्री तंबूत तोवेला तिनं नवऱ्याच्या गोष्टी सांगितल्या, त्याच्या शिळेच्या, त्याच्या गुडघ्यांच्या. सांगता सांगता तोवेला रडू येत होतं आणि हेर्लुफ म्हणत होता, "पुढे. पुढे काय झालं?"

तोवे त्यानंतर चार वर्षं जगली. हेर्लुफ दर गुरुवारी तिच्याकडे जायचा. ते पत्ते खेळायचे आणि तोवे लबाडी करायची. माफी हा शब्द दोघांपैकी कोणी उच्चारला नाही, आणि हेर्लुफनं तिला पूर्ण माफ केलं होतं असंही नाही. काही गुरुवारी तो पत्ते खाली ठेवून न बोलताच उठून जायचा. पुढच्या गुरुवारी यायचा. बोडिलला तिच्याइतकं ओळखणारं जगात दुसरं माणूस उरलं नव्हतं, आणि तिलाही त्याच्याशिवाय कोण होतं.

तोवेला बोडिलच्या शेजारीच जागा मिळाली. दफन झाल्यावर येप्पेनं त्याला घरी सोडलं आणि वाटेत सहज म्हणाला, "ती तुला त्या दिवशी सगळ्यांसमोर फार लावून बोलली होती. तू कसं सहन केलंस कोण जाणे."

"बोलली ते बरोबरच होतं," हेर्लुफ म्हणाला. मग येप्पेकडे वळून त्याचा चेहरा नीट न्याहाळत म्हणाला, "तू सारखं पाणी पितोस अलीकडे. तपासून घे. उद्याच्या बोटीनं जा, मी येतो बरोबर."